कटऑफच्या यादीमागे काय चालते

जून उजाडला की बारावी झालेल्या मुलांना लग्नात, एसटीत, किराणा दुकानाच्या पायरीवर एकच प्रश्न विचारला जातो: "सीईटीला किती पर्सेंटाइल?" आकडा ऐकून विचारणारा मान डोलावतो आणि पुढचा प्रश्न टाकतो, "मग कुठलं कॉलेज मिळेल?" पहिल्या प्रश्नापायी घराने दोन वर्षे क्लास, टेस्ट सिरीज आणि बराच पैसा घातलेला असतो. दुसऱ्याचा विचार मात्र फॉर्म भरायच्या आदल्या रात्री सुरू होतो, तोही कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या यादीवरून. निकाल लागला की गुणांवर कुणाचाच ताबा उरत नाही. त्यानंतर विद्यार्थ्याच्या हातात दोनच गोष्टी असतात, कागदपत्रे आणि पसंतीक्रम. चांगल्या मार्कांच्या मुलांचे घोडे अडते तेही बहुतेकदा याच दोन ठिकाणी.

महाराष्ट्रात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचा मुख्य रस्ता एमएचटी-सीईटी या परीक्षेतून जातो. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे प्रत्येकी 50 प्रश्न एकेका गुणाचे, गणिताचे 50 प्रश्न दोन-दोन गुणांचे. असे 200 गुण आणि तीन तास. अकरावीचा अभ्यासक्रम साधारण वीस टक्के, बारावीचा ऐंशी. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे कोरा प्रश्न सोडून उठणे म्हणजे शुद्ध नुकसान. बारावीचे गुण पात्रतेपुरते लागतात: तीन विषयांत मिळून 45 टक्के, राज्यातल्या मागासवर्गीय उमेदवारांना 40. म्हणजे बोर्डाला 60 मिळाले की 90, याने प्रवेशाच्या रांगेत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. हे बरे की वाईट, यावर दोन मते आहेत. माझे मत विचाराल तर कॉलेजातले बारावीचे वर्ग ओस पडण्याचे एक कारण हेच आहे.

लाखो मुले एकाच दिवशी संगणकावर बसवता येत नाहीत. म्हणून परीक्षा अनेक दिवस, सकाळ-दुपार अशा सत्रांत चालते आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते. एखादी सोपी जाते, एखादी घाम फोडते. मग सोमवारच्या 120 गुणांची शुक्रवारच्या 108 गुणांशी तुलना करायची कशी? यासाठी गुणांऐवजी सत्रातले स्थान मोजतात. समजा सोमवारी सकाळी 20,000 मुले बसली आणि त्यांपैकी 19,400 जणांना 120 किंवा त्याहून कमी गुण पडले. 19,400 भागिले 20,000, गुणिले शंभर: 120 गुणवाल्याला 97 पर्सेंटाइल. शुक्रवारच्या अवघड सत्रात 108 गुणांवर नेमकी हीच स्थिती असेल, तर त्यालाही 97 च. प्रत्येक सत्रात मुलांची विभागणी यादृच्छिक असल्यामुळे सगळी सत्रे सारख्याच तयारीची धरली जातात, आणि हजारोंच्या संख्येत ते गृहीत बऱ्यापैकी टिकते.

इथे हमखास होणारा गोंधळ असा की तीन विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी काढून लोक एकूण पर्सेंटाइल शोधू पाहतात आणि निकालपत्रावरच्या आकड्याशी ती जुळत नाही. जुळणारच नाही. एकूण पर्सेंटाइल हे दोनशेपैकी मिळालेल्या एकूण गुणांवरून त्या सत्रात स्वतंत्रपणे काढलेले असते. आकडा दशांशानंतर सात स्थळांपर्यंत देतात. तरीही बरोबरी झालीच, तर आधी गणिताचे पर्सेंटाइल पाहतात, मग भौतिकशास्त्राचे, आणि असे खाली खाली.

पर्सेंटाइलचा दुसरा फसवा गुण म्हणजे ते वर्षावर्षांत तुलनेला घेता येत नाही. तीन लाख मुले बसली असतील तर 95 पर्सेंटाइलच्या पुढे 15,000 जण असतात. चार लाख बसली तर त्याच 95 च्या पुढे 20,000. त्यामुळे "गेल्या वर्षी 95 ला अमुक कॉलेज मिळालं होतं" हे वाक्य खरे असूनही उपयोगाचे नसते. त्यात जागांची संख्याही हलते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने 2024-25 पासून चांगल्या स्थितीतल्या कॉलेजांवरची एका शाखेतल्या जागांची वरची मर्यादा काढली आणि कॉम्प्युटर, आयटी, डेटा सायन्सच्या तुकड्या भराभर वाढल्या. एका तुकडीत साठ मुले धरतात. दोन तुकड्या वाढल्या की कटऑफ, म्हणजे शेवटच्या प्रवेशाचा आकडा, आपोआप खाली सरकतो, कॉलेजचा दर्जा तसूभरही न बदलता.

निकालानंतर प्रवेशासाठी वेगळी नोंदणी करावी लागते, कागदपत्रांची छाननी होते, तात्पुरती गुणवत्ता यादी लागते, हरकती घेतल्या जातात आणि मग अंतिम यादी. या यादीतला मेरिट नंबर हा खरा चलनी आकडा. सीईटी दिलेली सगळीच मुले इंजिनिअरिंगला अर्ज करत नाहीत. काही आयआयटीला जातात, काही फार्मसी-बीएस्सीला. म्हणून हा क्रमांक पर्सेंटाइलवरून काढलेल्या अंदाजापेक्षा चांगला येतो.

आता कटऑफची यादी उघडा. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती रेल्वेच्या जुन्या वेळापत्रकासारखी वाटते: जीओपीईएनएच, एलओबीसीएस, टीएफडब्ल्यूएस, ईडब्ल्यूएस, आणि प्रत्येकाखाली एक मेरिट नंबर व कंसात पर्सेंटाइल. कोड फोडला की सोपा आहे. पहिले अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण जागा, एल म्हणजे मुलींसाठी राखीव. मुलींना तीस टक्के जागा असतात. मधली अक्षरे प्रवर्गाची: ओपन, ओबीसी, एससी, एसटी, एनटीचे उपप्रवर्ग, एसईबीसी. शेवटचे अक्षर भूगोलाचे. एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, आपण जिथून बारावी झालो त्या भागाच्या विद्यापीठातल्या मुलांच्या जागा. ओ म्हणजे त्या विद्यापीठाबाहेरच्यांच्या. एस म्हणजे सगळ्या राज्याला खुल्या. बऱ्याच कॉलेजांत होम युनिव्हर्सिटीला 70 आणि बाहेरच्यांना 30 टक्के अशी वाटणी चालत आली आहे. पुण्याचे सीओईपी किंवा माटुंग्याचे व्हीजेटीआय यांच्यासारख्या ठिकाणी राज्यस्तरीय जागा असतात, तिथे लातूरचा आणि मुंबईचा मुलगा एकाच रांगेत. ईडब्ल्यूएस म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या जागा. टीएफडब्ल्यूएस म्हणजे शिक्षणशुल्क माफ असलेल्या पाच टक्के जादा जागा. घरचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर त्यासाठी कोणत्याही प्रवर्गातून मागणी करता येते. खासगी कॉलेजातही फी जवळजवळ नाहीशी होत असल्याने या जागांचा कटऑफ बहुधा ओपनपेक्षाही वर असतो, आणि तो पाहून पालक चक्रावतात.

आणखी एक बाब, जी शिकलेल्या घरांतही माहीत नसते. ओबीसी किंवा एससी विद्यार्थ्याचा नंबर वर असेल तर त्याला आधी खुल्या जागेसाठी धरले जाते. तिथे जागा नसेल तर मगच प्रवर्गाची जागा पाहतात.

आता मुख्य गोष्ट, ऑप्शन फॉर्म. यात कॉलेज आणि शाखा अशी जोडी म्हणजे एक पर्याय. असे 300 पर्यंत पर्याय पसंतीच्या क्रमाने भरता येतात. मग संगणक काय करतो? समजा तुमचा मेरिट नंबर 8,400 आहे. वरच्या 8,399 जणांचे झाल्यावर तुमचा फॉर्म उघडतो. पहिला पर्याय सीओईपीचा कॉम्प्युटर. तुम्ही पात्र असलेल्या कुठल्याच प्रकारात जागा शिल्लक नाही. दुसरा व्हीजेटीआयचा इलेक्ट्रॉनिक्स, संपला. तिसरा सांगलीच्या वालचंदचा मेकॅनिकल. एक जागा आहे, दिली. आता चौथ्यापासून पुढचे पर्याय त्या फेरीत कुणी वाचतही नाही. आणि महत्त्वाचे म्हणजे, पहिले दोन पर्याय वर लिहिले म्हणून तिसऱ्याच्या वेळी तुमचा नंबर जराही मागे गेलेला नसतो. 8,401 व्या मुलीने वालचंद पहिल्या क्रमांकावर लिहिले असले, तरी ती जागा तुमचीच.

हे एवढे समजले तर निम्मी भीती जाते. कारण घरोघरी चालणारा हिशेब नेमका उलटा असतो: "वरचं काही मिळणार नाही, उगाच पहिले पर्याय वाया कशाला घालवायचे? जे मिळेल तेच पहिलं लिही." पर्याय वाया जात नाहीत. जे मिळेल ते पहिले लिहिले, तर तेच मिळते, आणि त्याहून चांगले मिळू शकत होते की नाही हे तपासलेच जात नाही.

या पद्धतीमागे पक्के गणित आहे. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन अमेरिकी गणितज्ञांनी 1962 मध्ये कॉलेज प्रवेश आणि विवाहजुळणी या प्रश्नांवर एक छोटासा शोधनिबंध लिहिला. विद्यार्थ्यांचा पसंतीक्रम एका बाजूला आणि कॉलेजांचा गुणवत्ताक्रम दुसऱ्या बाजूला असेल, तर अशी वाटणी नेहमीच शक्य असते की जिच्यात तुम्ही अधिक पसंत केलेली जागा तुम्हाला डावलून तुमच्याहून खालच्या क्रमांकाच्या मुलाला गेलेली नसते. आणि विद्यार्थ्याने आपला खरा क्रम सांगण्यातच त्याचे हित असते. या कामाचा धागा पुढे नेल्याबद्दल शॅप्ली आणि अल्विन रॉथ यांना 2012 चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. गेल तोवर हयात नव्हते. आपल्याकडे आयआयटी आणि एनआयटी यांचे प्रवेश 2015 पासून जोसा या एकत्रित व्यवस्थेत याच तत्त्वावर चालतात. त्याआधी दोन्हींचे प्रवेश वेगवेगळे होत, एकच मुलगा दोन्हीकडे जागा अडवून बसे आणि ऑगस्टात एनआयटीच्या जागा रिकाम्या राहत. नवी रचना बसवणाऱ्यांत मुंबई आयआयटीचे शरत चंद्रन आणि कानपूर आयआयटीचे सुरेंदर बास्वाना हे प्राध्यापक होते.

पण महाराष्ट्रात एक मेख आहे, ती म्हणजे फेऱ्या आणि फ्रीझ. आपल्याकडे कॅप राउंड, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेऱ्या, एकाहून अधिक असतात. 2025 मध्ये ते तिनाचे चार झाले आणि नियम असा ठरला: पहिल्या फेरीत पहिल्याच क्रमांकाचा पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागतो, पुढच्या फेऱ्या बंद. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी कोणताही मिळाला तरी तसेच. तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी. चौथीत जे मिळेल ते. याखालचे काही मिळाले तर हजार रुपये भरून जागा धरून ठेवता येते आणि बेटरमेंटसाठी पुढच्या फेरीत उतरता येते. वरचे मिळाले की आधीची जागा आपोआप सुटते, न मिळाले तर धरलेली हातात राहते.

म्हणजे दुसऱ्या फेरीत तुम्हाला तिसऱ्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर तुम्ही अडकलात, भले तिसऱ्या फेरीत कुणी जागा सोडल्याने पहिला मिळू शकला असता. खरा क्रम लिहा हे गणित एका फेरीपुरते बिनचूक आहे. फेऱ्यांच्या साखळीत त्याला एवढे ठिगळ जोडावे लागते. दुसऱ्या फेरीत वरच्या तीन जागांवर, तिसऱ्या फेरीत वरच्या सहा जागांवर तेच लिहा, जे मिळाले तर शोध थांबवायला तुमची मनापासून तयारी आहे. "सेफ" म्हणून टाकलेले कॉलेज तिथे घुसवले, तर ते मिळतेही आणि गळ्यातही पडते. प्रत्येक फेरीला फॉर्म नव्याने भरता येतो, म्हणून क्रमही प्रत्येक वेळी ताज्या नजरेने पाहावा.

कॉलेज मोठे की शाखा मोठी, हा वाद मी इथे उकरत नाही. एवढेच म्हणेन की 2025 च्या कटऑफवरून चार वर्षांनंतरच्या नोकऱ्या ओळखणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. सिव्हिल, मेकॅनिकलचे दिवस गेले म्हणणारे पंधरा वर्षांपूर्वी मेकॅनिकलसाठी रांगा लावत होते.

आता कागदपत्रे. मेरिट नंबर चांगला असून प्रवर्गाची जागा हुकते ती इथे. नॉन-क्रिमी लेयरचे प्रमाणपत्र घरात असते, पण त्यावरची मुदत संपलेली असते. ते प्रवेशाच्या आर्थिक वर्षअखेरपर्यंत, म्हणजे पुढच्या 31 मार्चपर्यंत वैध असावे लागते. जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र हे दोन वेगळे कागद आहेत. पहिला उपविभागीय कार्यालयातून मिळतो. दुसरा जिल्ह्याच्या जात पडताळणी समितीकडून, आणि त्यासाठी आजोबा-पणजोबांच्या शाळेतल्या नोंदी, जुने खासरापत्रक, गाव नमुना असे पुरावे गोळा करावे लागतात. हे काम जूनमध्ये आठवले तर वरातीमागून घोडे. ते अकरावीत असतानाच कॉलेजमार्फत टाकावे. अर्ज केल्याची पावती जोडून नोंदणी करण्याची मुभा शासन अधूनमधून देते, पण ठरल्या तारखेला मूळ प्रमाणपत्र आले नाही तर विद्यार्थी खुल्या प्रवर्गात ढकलला जातो. ईडब्ल्यूएसचा दाखला राज्याच्या नमुन्यातला आणि केंद्राच्या नमुन्यातला वेगळा असतो. जोसासाठी केंद्राचा लागतो. सेतू केंद्रावरचा मुलगा हे विचारत नाही, आपणच सांगावे लागते.

रहिवासाच्या बाबतीतही गमती आहेत. एनआयटीच्या निम्म्या जागा त्या-त्या राज्यातल्या मुलांना असतात, पण राज्य ठरते ते बारावी कुठून दिली यावर. औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा मुलगा कोट्याला जाऊन तिथल्या शाळेतून बारावी झाला, तर नागपूरच्या व्हीएनआयटीत तो परराज्यातला ठरतो आणि जयपूरच्या एनआयटीत घरचा. उलट, बेळगाव-निपाणीकडच्या सीमाभागातल्या, मराठी मातृभाषा असलेल्या मुलांसाठी महाराष्ट्राच्या नियमांत स्वतंत्र प्रकारच आहे. दहावी-बारावी कर्नाटकातून होऊनही ती महाराष्ट्राची उमेदवार धरली जातात. सीमाभागातल्या किती घरांना हे ठाऊक असते, देव जाणे.

ही सगळी केंद्रीय व्यवस्था का उभी राहिली, हे थोडक्यात सांगायला हवे. सीओईपीची सुरुवात 1854 ची, व्हीजेटीआय 1887 चे, सांगलीचे वालचंद 1947 चे. ऐंशीच्या दशकापर्यंत राज्यात इंजिनिअरिंगच्या जागा मोजक्याच होत्या. पैसेवाल्यांची मुले देणगी मोजून कर्नाटकात जात. 1983 मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी मिळाली आणि चित्र पालटले. जागा वाढल्या, देणग्याही वाढल्या, 1987 मध्ये देणगीबंदीचा कायदा आला. मग प्रवेश आणि फी यांवर शासनाचा हक्क किती, संस्थाचालकांचा किती, यावर सर्वोच्च न्यायालयात निकालांमागून निकाल आले: 1993 चा उन्नीकृष्णन, 2002 चा टीएमए पै, आणि 2005 चा इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य. आजची सीईटी सेल, प्रवेश नियामक प्राधिकरण आणि शुल्क नियामक प्राधिकरण या तिघांना 2015 च्या राज्य कायद्याचा आधार आहे. मध्यंतरी काही वर्षे इंजिनिअरिंगपुरती सीईटी बंद होऊन जेईई मेनचे आणि बारावीचे गुण मिळून यादी लागत असे. 2016 पासून पुन्हा सीईटी आली.

त्या जुन्या वादाचा अवशेष म्हणजे संस्थास्तरीय जागा, बोलीभाषेत मॅनेजमेंट कोटा. विनाअनुदानित कॉलेजात वीस टक्क्यांपर्यंत जागा संस्था भरते. त्याही जाहिरात देऊन, अर्ज मागवून, गुणवत्तेनेच भरायच्या असतात, निदान कागदावर. या वाटेने जाणाऱ्यांनी एक हिशेब आधी करावा. शिष्यवृत्ती आणि फीसवलतीच्या शासकीय योजना कॅपमधून मिळालेल्या प्रवेशालाच लागू होतात. 2024-25 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ झाले आहे. तोही लाभ कॅपमधूनच. चौथ्या फेरीपर्यंत न थांबता घाईने कोट्यातली जागा घेतली, तर चार वर्षांची माफी हातची जाते.

आणि सीईटी हा एकमेव दरवाजा नाही. दहावीनंतर पॉलिटेक्निकची तीन वर्षे करून पदविकेच्या गुणांवर थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो, त्यासाठी दहा टक्के जादा जागा असतात. बारावी-सीईटीचा धसका न घेता, हाताला काम लावून आलेली ही मुले वर्कशॉपमध्ये इतरांपेक्षा पुढे असतात, हे कुठल्याही प्राध्यापकाला विचारून पाहा. शहरी पालक अजून डिप्लोमाला कमी लेखतात. ग्रामीण भागातल्यांनी मात्र त्याची किंमत कधीच ओळखली आहे.

नियम दरवर्षी थोडेफार हलतात. फेऱ्या, फ्रीझचे आकडे, कागदपत्रांच्या तारखा यांसाठी त्या वर्षीची सीईटी सेलची माहितीपुस्तिका उघडा. ती कंटाळवाणी आहे, पण शेजाऱ्याच्या सल्ल्यापेक्षा खरी आहे. पर्यायांची यादी मुलाला किंवा मुलीला स्वतः लिहू द्या. लॉगिन आणि पासवर्ड सायबर कॅफेवाल्याकडे ठेवू नका. फॉर्म एकदा कन्फर्म झाला की त्या फेरीपुरता तो कुणालाच बदलता येत नाही.